नानांची दादर आणि साऱ्या शिवाराची पाखरं

खान्देशात मी गेलो ते भरीत खायला. हे आधीच सांगून टाकतो, कारण परत आल्यावर ऑफिसात मी शेतीबद्दल इतकं बोललो की काही लोकांचा समज झाला, मला सरकारनं पाठवलं होतं. सरकारला तेवढी अक्कल नाही. मला वांग्यानं बोलावलं होतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर भास्कर पाटील बसतो. अमळनेर तालुक्यातला, तापीकाठचा. दर हिवाळ्यात तो फायलीवर कोपर टेकून गावच्या भरताचं असं वर्णन करतो की समोरच्या माणसाला डब्यातली पोळी नको होते. एका जानेवारीत, सत्तर साल उजाडलं असेल नसेल, आम्ही दोघांनी रजेचे अर्ज दिले. माझा मंजूर झाला, त्याचा झाला नाही.

"तू एकटा जा," भास्कर म्हणाला. "घर तुझंच आहे. फक्त नाना आणि प्रल्हादच्या भांडणात पडू नकोस."

ही सूचना त्यानं द्यायला नको होती. पडू नये असं भांडण कुठे आहे म्हटलं की माझी पावलं आपोआप तिकडे वळतात.

भांडण असं होतं. भास्करचे वडील आत्माराम नाना. नदीच्या बाजूला त्यांचं एक सलग काळं वावर आहे, आणि त्यात हिवाळ्यात ते दादर पेरतात. दादर म्हणजे ज्वारीच. आमच्या साताऱ्याकडे शाळू, तशी तिकडे दादर. पण तिला नुसती ज्वारी म्हटलं तर नाना तुमच्याकडे, आपण हापूसला नुसता आंबा म्हणणाऱ्याकडे बघतो, तसं बघतात. पावसाळ्यात पोटभर पाणी पिऊन बसलेली जमीन आणि वरून थंडी, एवढ्यावर ती माणसापेक्षा उंच होते. तिला वरचं पाणी लागत नाही, आणि तेच तिच्या मुळावर आलं होतं. कारण गावात विहिरींवर इंजिनं बसली होती, आणि पाणी आलं की माणसाला काहीतरी पाणी पिणारं लावावंसं वाटतं. सगळ्यांनी केळी लावली. नानांचा धाकटा मुलगा प्रल्हाद गावीच असतो. त्यानंही आपल्या वाट्याच्या जमिनीत केळी लावली होती आणि आता त्याचा डोळा नदीकाठच्या वावरावर होता.

बापलेकांचं बोलणं बंद व्हायची वेळ आली तेव्हा नानांच्या थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, तोड काढली. या वर्षी दादर पेरा. कणसं भरत आली की मी वावरातून फिरेन आणि पिकाची आणेवारी सांगेन. आठ आणे किंवा वर निघालं तर नाना आहेत तोवर त्या वावराचं नाव कुणी काढायचं नाही. आठाच्या खाली आलं तर मृगाला केळी.

सरकारनं आणे बंद करून बरीच वर्षं झाली, पण पीक अजून आण्यांतच पिकतं. सोळा आणे म्हणजे भरगच्च, आठ आणे म्हणजे निम्मं. अक्कांची फेरी सोमवारी होती. मी आदल्या बुधवारी पुण्याहून निघालो. भास्करची रजा कुणी नामंजूर केली हे त्यानं अजून शोधू नये अशी माझी इच्छा आहे.

पारोळा

धुळ्यापर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. धूळ होती आणि ती मी खाल्ली. धुळ्याहून पुढे एस.टी. पारोळ्यात रुसली. ड्रायव्हरनं खाली उतरून बॉनेट उघडलं, आत बघितलं, आणि एखाद्या वैद्यानं नाडी सोडावी तसं बंद केलं. मग तो आणि कंडक्टर जेवायला गेले. मीही त्यांच्या मागोमाग गेलो, कारण एस.टी.चे लोक कुठे जेवतात हे बघून जेवणारा माणूस कधी फसत नाही.

शेवेची भाजी मी तिथे पहिल्यांदा खाल्ली. आमच्याकडे शेव चिवड्यात असते किंवा भेळेत. तिला कुणी रश्श्यात बुडवत नाही. इथे लालभडक रस्सा, वर तेलाचा तवंग, आणि त्यात जाड शेव सुखानं पोहत होती. पहिल्या घासाला मी हसलो, दुसऱ्याला रडलो आणि तिसऱ्याला आणखी मागितली.

किल्ल्याच्या जवळच बाजार होता. घरी न्यायला थोडी दादर घ्यावी म्हणून मी एका मारवाडी शेठजींच्या दुकानात गेलो. शेठजी तक्क्याला टेकून बसले होते.

"दादर आहे का, शेठजी?"

"है ना." त्यांनी मागच्या फळीवरून काचेची बरणी काढली. तळाशी दोन मुठी असेल एवढं धान्य. पांढरंशुभ्र, टपोरं, मोत्यांचं दुकान वाटावं असं.

"दोन किलो द्या."

"ही विकायची नाही, भाऊ. ही दाखवायची. लोक विचारतात तर दाखवतो. खायला हायब्रीड घ्या."

"हायब्रीड चांगली असते का?"

शेठजींनी आजूबाजूला बघितलं. "विकायला चांगली है," ते म्हणाले.

गाव

नाना अंगणात उभे होते. उंच, वाळलेले, धोतर गुडघ्याच्या वर, आणि घसा बसलेला. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी मला अर्ध्यातून उठवलं.

"तुम्हना आवाज कसा शे?"

प्रवास कसा झाला, चहा घेणार का, असं काहीतरी ऐकायची तयारी केलेला माणूस मी. म्हणालो, "आवाज बरा आहे."

"भास्कर सांगे, तुम्ही नाटकमा काम करतस."

"ऑफिसच्या गणपतीत. बहुतेक राजाचं."

"मंग चालनं," नाना म्हणाले आणि घरात वळून ओरडले, "अक्का, माणूस भेटना. सकाळपासून माळ्यावर."

अशा रीतीनं मी, पुण्याचा पाहुणा, पोहोचल्यापासून चहा पिऊन व्हायच्या आत पाखरं राखायला लागलो. दुसरा कुणी मिळत नव्हता हेही खरं. ज्याला हातपाय आहेत तो केळीचे घड उचलायला जात होता. तिथे मजुरी चांगली होती आणि ओरडावं लागत नव्हतं.

जेवण अक्कांनी वाढलं. अक्का म्हणजे नानांपेक्षा पाचसहा वर्षांनी मोठ्या, बारीक, एका डोळ्यात मोतीबिंदू. याच डोळ्यांवर सोमवारचा निकाल होता. ताटात कळण्याची भाकरी आली. दादर आणि उडीद एकत्र दळून करतात. रंग सावळा, चव अशी की पहिली भाकरी नुसती मिठाशी संपते. मी दोन भाकरींवर हात आखडता घेतला.

"इतलं मोठं पोट आनि दोनच भाकरी?" अक्का म्हणाल्या. "पुनामा पोट दाखाडाले ठेवतस का?"

मी तिसरी घेतली. प्रल्हाद समोर बसून हसत होता. गोरा, गुटगुटीत, टेरिलीनचा शर्ट. तो अमळनेरला इंटरपर्यंत शिकला होता, त्यामुळे माझ्याशी पुस्तकासारखं बोलायचा आणि घरच्यांशी घरच्यासारखं.

"तुम्ही कुणाच्या बाजूचे?" त्यानं मला विचारलं.

"भाकरीच्या."

"म्हणजे नानांच्या," तो म्हणाला आणि आपल्या पानातली चौथी भाकरी मोडली.

माळ्यावर

चार उंच खांब, वर फळ्या, त्यावर गवत. हा माळा. गुरुवारी उन्हं अंगावर यायच्या आत मी त्यावर चढलो, म्हणजे नानांनी खालून ढकललं आणि मी वर पोहोचलो. वरून जे दिसलं त्यावर माझा विश्वास बसेना. चहूकडे केळी. हिरवीगार, ओलीकंच, जणू कोकण चुकून इकडे उतरलंय. आणि त्या हिरव्याच्या मधोमध पांढऱ्या कणसांचा एकच चौकोन. तो नानांचा.

आता तुम्ही पोपट असतात तर काय केलं असतं?

तेच ते करत होते. पोपट, चिमण्या, साळुंक्या, नाव माहीत नसलेली आणखी शेकडो; तालुक्यातल्या सगळ्या पाखरांना पत्ता पाठ होता. नाना खालून बसक्या आवाजात सांगत होते.

"आधी बठ्ठा शिवारमा दादर व्हती. पाखरू आठे दोन दाना खाये, तठे दोन दाना खाये. कोनले समजे बी नही. आते बठ्ठा मना घर जेवाले येतस."

बठ्ठा म्हणजे सगळे. पूर्वी प्रत्येक वावरात एक माळा असायचा. एकानं हाकारलं की पाखरं शेजारच्याकडे, शेजाऱ्यानं हाकारलं की त्याच्या पलीकडे. असं साऱ्या शिवारभर पाखरं दमेपर्यंत फिरायची. नाना म्हणाले, त्या वेळी सकाळी गावात देवळाच्या घंटेपेक्षा हाकारे आधी ऐकू यायचे. दादर एकट्यानं पेरायचं पीक नव्हतंच मुळी. एकट्यानं करायला ती काय संध्या आहे?

मी छाती भरून श्वास घेतला आणि माझा राजाचा आवाज लावला. "कोण आहे रे तिकडे? चालते व्हा आमच्या राज्यातून."

एका पोपटानं मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि खाणं पुढे चालू केलं. प्रेक्षकांची अशी उपेक्षा मी ऑफिसच्या गणपतीतही सोसली नव्हती.

"भाऊ," नाना म्हणाले, "तुम्ही त्यास्ले इनंती करी राहिनात. शिव्या द्या."

शिव्या मला येतात, पण पुण्याच्या. त्या दिल्यावर समोरच्याला दोन दिवसांनी लागतात. नानांनी मग नमुना दाखवला. पाखराच्या मामापासून सुरुवात करून ते त्याच्या सासुरवाडीपर्यंत गेले. तिथल्या एका व्याह्याला तर त्यांनी असं काही सुनावलं की मी माळ्यावर मान खाली घातली. थवा उठला. सगळा आवाज वाफेसारखा निघून गेल्यावर नाना खोकत खाली बसले.

गोफणीचं सांगायला नको. पहिला मातीचा गोळा मी मागे मारला, दुसरा स्वतःच्या कानाला, आणि तिसरा इतका लांब गेला की प्रल्हादच्या बागेतून कुणीतरी "कोन शे रे?" म्हणून ओरडलं. संध्याकाळपर्यंत माझा घसा नानांइतका बसला. रात्री आम्ही दोघं एकमेकांशी खुणांनी बोलत जेवलो आणि अक्का म्हणाल्या की घरात बऱ्याच दिवसांनी शांतता आहे.

प्रल्हादची बाग

शुक्रवारी सकाळी नानांनी मला विश्रांती दिली, म्हणून प्रल्हाद मला बाग दाखवायला घेऊन गेला. केळीवाल्याला तुमची किती एकर असं विचारायचं नाही; किती खोडं, असं विचारायचं. तो खोडांमधून असा चालत होता जशी ती त्याची सवाई-गंधर्वाची मैफल. घड थंडीत असे लोंबत होते की मला उगाचच त्यांना टेकू द्यावासा वाटला.

"दिल्लीला जातात," तो म्हणाला. "वॅगननं. इथला माल, तिथली थंडी."

"एक पिकलेलं केळं दे ना."

प्रल्हाद थांबला. बागेभर नजर फिरवली. मग गडी माणसाला विचारलं, गडी दुसऱ्याला. अख्ख्या बागेत एक पिकलेलं केळं नव्हतं. सगळी हिरवी कापतात आणि हिरवीच जातात. शेवटी तो खजील होऊन म्हणाला, "जळगावच्या स्टेशनवर मिळेल."

मला एवढ्यात मजेशीर गोष्ट दिसली. आमच्या माळ्यावरून मी हाकललेले पोपट या बागेत गार सावलीत बसले होते. जेवण बापाकडे, झोप लेकाकडे.

"नानांना सांगू नका," प्रल्हाद हसत म्हणाला. मग हसणं कमी करून म्हणाला, "तुम्हाला वाटत असेल मी बापाच्या मागे लागलोय. त्यांचा आवाज ऐकलात ना? तीन वर्षं झाली, दर हिवाळ्यात तो असा बसतो. मागच्या साली ते माळ्यावरून पडले. दादर त्यांना सोडत नाही आणि मी त्यांना एकटं सोडू शकत नाही. केळीवर कुणाला ओरडावं लागत नाही."

"मग तू चढ ना माळ्यावर."

"मी चढलो तर ती दादर कायमची राहील," प्रल्हाद म्हणाला.

आम्ही परत निघालो तेव्हा आभाळात एक डाग दिसला. पाऊस नव्हे, धूर नव्हे. तो डाग वाकला, फिरला, पसरला, गोळा झाला, आणि नानांच्या वावरावर ओतला गेला. जवळ जाऊन बघितलं. काळं डोकं, गुलाबी अंग. भोरड्या. कुठल्या परदेशातून दर हिवाळ्यात येतात म्हणे, आणि आल्या की एकट्यादुकट्या येत नाहीत. पोपट खातो तेव्हा निदान चव घेतल्यासारखं करतो. भोरडी नुसती भरते.

नाना माळ्याखाली उभे होते आणि शिव्या देत नव्हते. मला ते बघवेना. अक्का जेवण घेऊन आल्या होत्या, त्या बांधावरूनच नजर फिरवून म्हणाल्या, "आज दहा आना शे. असंच चालनं ते सोमवारले मी काय सांगू, आत्माराम?"

नानांनी भाकरी हातात धरली आणि खाल्ली नाही. मग ते म्हणाले, "ऐतवारले गाव बलावस."

त्यांचा बेत साधा होता. रविवारी वावरातच भरीत आणि हुरडा. सगळ्या गावाला आवतण. येणाऱ्यानं घरून डबा, थाळी, ढोल, जे वाजेल ते आणायचं. एक दिवस सगळं गाव पूर्वीसारखं ओरडलं तर भोरड्या तापी ओलांडून जातील, आणि पाखरांनी एकदा रस्ता बदलला की चार दिवस मागे फिरत नाहीत.

प्रल्हादनं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "नाना, पाखरं हाकलनी शेतस का बलावनी?"

नानांना वाटलं, तो चिडवतोय.

रविवार

सारं गाव आलं. मास्तर आले, सरपंच आले, केळीवाले आपापल्या टेरिलीनमध्ये आले, बाया पोरांना घेऊन आल्या. कुणी ढोल, कुणी पत्र्याचा डबा, एका म्हाताऱ्यानं तर सायकलची घंटी काढून आणली होती. नाना माळ्यावर चढले आणि त्यांनी हात वर केला.

त्यानंतरचा तास मी जन्मात विसरणार नाही. अख्खं गाव एका सुरात बेसूर ओरडत होतं. पन्नाशीचे बागायतदार लुगड्याचा काचा मारावा तसं धोतर खोचून बांधावरून पळत होते. गोफणी सुटत होत्या. मी माझा राजा सोडून दिला आणि नानांकडून शिकलेला व्याही लावला. भोरड्यांचा ढग उठला, दोनदा परत फिरला, दोनदा आम्ही त्याला उठवलं, आणि तिसऱ्यांदा तो जो गेला तो नदीपलीकडे चोपड्याच्या दिशेनं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नानांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, धूर लागला. आगट्या अजून पेटायच्या होत्या.

मग पेटल्या. एकीकडे कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी लांबोडकी वांगी भाजली जात होती. आमच्याकडे वांगं जांभळं असतं आणि गॅसवर भाजून बायको नाक मुरडते. इथे जाळाला वांगं असं भिडतं की त्याला धुराचीच फोडणी बसते. मग लाकडाच्या खोल बडगीत ते, भाजलेल्या मिरच्या आणि लसूण घालून मुसळानं ठेचायचं, वर शेंगदाणे, कांद्याची पात. केळीच्या पानावर भरीत, बाजूला कळण्याची भाकरी. पान प्रल्हादचं, भाकरी नानांची. बापलेकांचा एवढा एकोपा त्या वर्षात दुसऱ्या कशात झाला नव्हता.

आणि दुसरीकडे हुरडा. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं खुपसायची, बाहेर काढून तळहातावर चोळायची, फुंकर मारायची, आणि तोंडात. दादरचा हुरडा मी याआधी खाल्ला नव्हता. आमच्या शाळूचा मला अभिमान आहे, पण त्या दिवशी मी त्याचं नाव काढलं नाही.

आता इथे एक रीत सांगायला हवी. वावरात आलेल्याला हुरड्याला नाही म्हणायचं नाही, हुरडा विकायचा नाही, आणि कोण किती कणसं मोडतो ते मालकानं बघायचं नाही. बघितलं तर पाप. ही रीत जुनी, म्हणजे प्रत्येकाकडे दादर होती तेव्हाची. तेव्हा आज तुमच्याकडे, उद्या माझ्याकडे.

त्या गावानं कित्येक वर्षांत दादर चाखली नव्हती.

सुरुवातीला सगळे लाजत होते. मग मास्तर म्हणाले, आणखी चार आणतो. मग सरपंचांनी स्वतः विळा घेतला. कुणी म्हणालं, सासू आजारी आहे, तिच्यासाठी थोडी. एका बाईनं धरणगावच्या लेकीसाठी पदर भरला. कुणीतरी गाडीच जोडून आणली होती, ती सावलीसाठी असं तो म्हणाला. पाखरं कणसाच्या टोकाकडून खातात. माणूस ताटासकट मोडतो. मी म्हणत नाही की मी कमी खाल्ला. पण दुपारी मी मान वर केली तेव्हा वावराच्या गावाकडच्या बाजूला मला आरपार पलीकडची केळी दिसली. सकाळी दिसत नव्हती.

नाना वावराकडे पाठ करून बसले होते. रीत. कुणी आलं की हसून म्हणत होते, "खा भाऊ, खा. लाजू नका." मागे कणसं मोडल्याचा कटकट आवाज येत होता, आणि ते पाठ करून बसले होते. प्रल्हाद आगटीपाशी होता. सगळ्या केळीवाल्यांत जास्त हुरडा त्यानं खाल्ला, हे मी शपथेवर सांगतो. अक्कांनी मात्र एक दाणा तोंडात घातला नाही. "मी उद्या पाहानार शे," त्या म्हणाल्या. "खाईसन पाहाशी ते गोडच दिसी."

सोमवार

अक्का काठी टेकत वावरात शिरल्या. बांधावर आम्ही सगळे उभे. काल खायला आलेलं गावही जवळपास तेवढंच आलं होतं, पोट भरलेलं आणि थोडं ओशाळलेलं. पाखरं फार नव्हती. भोरड्यांनी खरंच रस्ता बदलला होता. नानांनी पाखरांना हरवलं होतं.

अक्का या टोकाला दिसेनाशा झाल्या आणि त्या टोकाला निघाल्या. आल्या, उभ्या राहिल्या, पदरानं डोळे पुसले. मोतीबिंदूचा डोळा जास्त पाणावतो.

"सहा आना."

प्रल्हाद जिंकला होता आणि जिंकलेलं तोंड कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. त्यानं ते खिशात ठेवावं तसं खाली घातलं.

मग सरपंच पुढे आले. "अक्का, परत एक डाव पहा ना. तुमना डोळा..."

"काल मना डोळा बराच व्हता," अक्का म्हणाल्या. "कोनी गाडी भरी, तेबी दिसनं."

गाडीवाला मागच्या रांगेत गेला. तेव्हा मास्तरांनी नानांना हात जोडले. ते म्हणाले की दादर बंद होऊ नये. ती गावाची ठेव आहे, गावाची शान आहे. वर्षातून एक दिवस तरी लेकराबाळांना हा हुरडा मिळायला हवा. सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगतो, साऱ्या गावात दादर बंद व्हावी असं वाटणारा एक माणूस नव्हता. प्रल्हादसुद्धा मान डोलावत होता.

नानांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं," ते म्हणाले. "मंग असं करा. दर घरनी चार चार ओळी पेरा. जास्त नही. केळीना कडेले. पाखरू बी वाटाई जातीन."

सरपंचांना इंजिनाचं काहीतरी आठवलं. एकाला वॅगन भरायची होती. मास्तर म्हणाले, त्यांच्याकडे जमीन कुठे आहे, ते तर नोकरदार. बांध हळूहळू रिकामा झाला. कुणी पळून गेलं नाही. सगळे चालतच गेले, पण मागे वळून कुणी बघितलं नाही.

माझी एस.टी. दुपारची होती. निरोप घ्यायला मी वावरात गेलो तर नाना ताटांमधून लांब पावलं टाकत चालले होते आणि प्रल्हाद त्यांच्या मागे.

"दोन खोडमा कितलं आंतर ठेवतस?" नाना विचारत होते.

"पाच फूट."

"आनि पाणी कथाईन लयशी?"

प्रल्हादनं विहिरीकडे बोट दाखवलं.

"उतार समजस का तुले? पाणी वरे चढी का? रांग आडवी धर." नानांनी काठीनं मातीत रेघ ओढली. "वाकडी लावशी ते लोके म्हनतीन, आत्मारामना वावरमा वाकडी केळी."

मी पिशवी खाली ठेवून ऐकत उभा राहिलो. एवढ्यात नदीकडून सर्र आवाज आला. चार दिवस मागे न फिरणाऱ्या भोरड्यांनी एका दिवसात विचार बदलला होता. ढग आला आणि उरलेल्या दादरवर उतरला.

नानांनी रेघ तशीच सोडली. गोफण उचलली, पण हात वर जाईना. रविवारच्या ओरड्यानंतर त्यांच्या घशातून नुसती हवा निघत होती. ते प्रल्हादकडे वळले.

"चढ."

"नाना, आते कसाले?"

"केळी मृगले. आज सहा आना दादर उभी शे. चढ."

प्रल्हाद टेरिलीनचा शर्ट सांभाळत माळ्यावर चढला. वर गेल्यावर थोडा वेळ तो नुसता उभा राहिला, जसा मी पहिल्या दिवशी राहिलो होतो. मी वाटेला लागलो. फाट्यावर पोहोचेपर्यंत काही ऐकू आलं नाही. मग माझ्या पाठीमागून एक हाकारा निघाला, लांब, मोकळा, शेवटाला उचललेला. लहानपणी ज्याला शिकवलेलं असतं त्यालाच तो येतो. पुढे शब्द आले.

"उठा रे बठ्ठा. मना बापनं वावर शे हाई."

शिवी त्यात एकही नव्हती. भोरड्या मात्र उठल्या.